उचला आणि ऐका

आमच्या गावात फोन वाजला की उचलायचा आणि गप्प बसायचं. ज्याने केलाय त्याने आधी बोलायचं. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला सत्तरी उलटली तरी कळलेलं नाही, पण बाहेरून आलेला प्रत्येक माणूस यावर वैतागतो. माझा नवरा क्लिफर्ड सडबरी शहरातला, म्हणजे बाहेरचाच. लग्नाआधी त्याने मला पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी उचलला आणि ऐकत राहिले. तोही ऐकत राहिला. मग त्याने ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी तो ओरडला, "अहो, कुणी जिवंत आहे का तिकडे?" मी म्हटलं, "आहे की. पण कोण बोलतंय ते कळलं तर बरं होईल." पुढे आयुष्यभर तो पाहुण्यांना सांगत राहिला, की ही बाई मला हो म्हणायच्या आधी दोनदा गप्प बसली होती. गेला बिचारा. पण शेवटपर्यंत त्याने फोन उचलला की "हॅलो, हॅलो" सुरूच, आणि शेजारपाजारचे दचकायचे.

ही सवय आम्हाला लावली गावच्या लाइनने. आमचं पोर्ट हॅलिडे म्हणजे कॅनडात, सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठाला चिकटलेलं गाव. कागदोपत्री शहर, पण आम्ही गावच म्हणतो. आजोबांच्या काळात मोठ्या टेलिफोन कंपनीने सांगितलं, एवढ्याशा वस्तीसाठी इतक्या लांब खांब रोवणं परवडत नाही. गाव म्हणालं, नका रोवू. मग लोकांनीच देवदार तोडले, खांब केले, बर्फ वितळायच्या आत रोवले आणि नगरपालिकेने स्वतःचा टेलिफोन काढला. खाडीपलीकडे ओजिब्वे या इथल्या मूळ लोकांची वस्ती, तिथपर्यंतसुद्धा तार नेली. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, पण तोंडात एकच, गावची लाइन.

त्या काळी एका तारेवर वीसवीस घरं. प्रत्येक घराची घंटी वेगळी. आमची दोन लांब, एक आखूड. पण घंटी न थांबता वाजतच राहिली, तर ती सगळ्यांची. तिला म्हणायचे लांब घंटी. आग लागली, वादळ आलं, कुणी हरवलं, की एक्सचेंजमधली बाई सगळ्या गावाला एकदम घंटी द्यायची आणि बोलायची. आता वीस घरांनी एकदम "हॅलो, काय झालं, कोण बोलतंय" केलं तर ऐकू काय येणार, डोंबल? म्हणून फोनच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठळक छापलेलं असायचं: उचला आणि ऐका. पोरांना बाराखडीआधी हे शिकवायचे. पुढे फिरवायच्या चकतीचे फोन आले, लांब घंटी बंद पडली, पुस्तकही गेलं. तोंड मिटायची सवय तेवढी राहिली, आणि आमच्या पोरांना आम्ही तीच लावली, कशासाठी ते न सांगता.

माझी आई, इम्पी नुर्मेला, त्या एक्सचेंजमध्ये बसायची. मी पुढे तिथेच तक्रारींच्या टेबलावर जन्म घालवला. लोक शेजाऱ्याच्या घरून फोन करून म्हणायचे, "हेल्वी, आमचा बंद पडलाय गं." नाव सांगायची गरज नसायची, आवाजावरून घर कळायचं.

मग इंटरनेट आलं. मोठ्या कंपनीने पुन्हा तेच तुणतुणं वाजवलं: एवढ्याशा वस्तीसाठी परवडत नाही. गावाने पुन्हा तेच केलं. कर्ज काढलं आणि घराघरांत फायबर नेलं, खाडीपलीकडेही. टोरांटोतल्या लोकांच्या आधी आमच्याकडे वेगवान इंटरनेट होतं, म्हटलं तर पटत नाही कुणाला. पण दोन वर्षांत कागदाची गिरणी बंद पडली. तरणीताठी माणसं निघून गेली, कर्ज मात्र कुठे गेलं नाही. ते इथेच बसलं. आणि तेव्हा, बघा हं, ज्यांना दोनदा परवडलं नव्हतं तेच कोट घालून आले आणि म्हणाले, आम्ही विकत घेतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

नगरपालिकेत सात सभासद. तिघं म्हणत होते विका, तिघं म्हणत होते विकू नका. सातवा माझा धाकटा भाऊ, आर्वो.

आर्वो शनिवारी माझ्याकडे येतो. माझ्या परसात सौना आहे, म्हणजे आम्हा मूळच्या फिनलंडच्या लोकांची वाफेची न्हाणी. तो आंघोळ करून लालबुंद होऊन बाहेर येतो आणि मग स्वयंपाकघरात कॉफी आणि पुल्ला, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव. आईच्या हातचं शिकलेलं तेवढं एकच मला नीट जमतं.

"हेल्वी, तुझा पुल्ला दर वर्षी कोरडा होत चाललाय," तो म्हणाला.

"तिसरा तुकडा आहे तो. बळजबरी केलीय का मी?"

"टाकवत नाही म्हणून खातोय."

मी कॉफी ओतली आणि म्हटलं, "विकायला हात वर करणार आहेस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळं गाव म्हणतंय. तू सोडून."

त्याने कपात साखर घातली, ढवळली, ढवळतच राहिला. "नदीकाठच्या गल्लीत जमिनीखालचे पाण्याचे पाइप फुटतायत. लॉर्न पिकेटच्या तळघरात गुडघाभर पाणी आणि नळाला थेंब नाही. त्याला मी काय सांगू? पाणी नाही, पण इंटरनेट झकास आहे?"

"आणि विकल्यावर? उद्या वादळात तार तुटली, तर फोन कोण उचलणार आहे? तिकडे दूर कुठे तरी कुणी तरी बसलेलं असेल आणि विचारेल, पोर्ट हॅलिडे कुठे आलं हो?"

"सांगायचं, सरोवराच्या काठी आलं."

"मस्करी करू नकोस, आर्वो. घरचं विकून दारचं दुरुस्त करतात का कुणी?"

"तू आईसाठी भांडतेयस," तो म्हणाला. "गावासाठी नाही. गावाला काही पडलेली नाही. मागच्या सभेला तीन माणसं आली होती. त्यातलं एक थंडी वाजत होती म्हणून आलं होतं."

माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. गिळलं. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल आर्वोसमोर कुणी बोलत नाही.

तो सहा वर्षांचा होता, मी चौदाची. मार्च महिना, सरोवर अजून गोठलेलं. बाबा बर्फावर छोटी झोपडी ओढून नेत, भोक पाडून मासे धरत. आर्वोला वाटलं आपणही जावं. दुपारी कुणाला न सांगता निघाला. तो बर्फावर पोचला आणि सरोवरावरून धुकं आलं, इतकं दाट, की बाबा झोपडीतून बाहेर आले तर त्यांना स्वतःचे बूट दिसेनात. पोरगा वाटेत आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. मला कळलं ते त्याच्या पावलांवरून. परसातून निघून ती सरळ काठापर्यंत गेली होती आणि पुढे बर्फावर. मी धावत घरी आले आणि एक्सचेंजला फोन लावला. आईने उचलला आणि ऐकत राहिली. मी बोलले. ती फक्त म्हणाली, "तू घरी थांब. फोनजवळ."

आणि मग आमचा फोन वाजायला लागला आणि थांबेना. मी उचलला. आईचा आवाज. पण तो घरातला आवाज नव्हता, एक्सचेंजचा होता. "सहा वर्षांचा मुलगा. लाल टोपी. फिनिश देवळामागच्या काठावरून बर्फावर गेला आहे. धुकं आहे. काठावर ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी दिवे सरोवराकडे करावेत. गिरणीने भोंगा वाजवावा." माझा मुलगा असं ती म्हणाली नाही. लाइनवर घरचं बोलायचं नाही असा नियम होता. मला वाटत होतं ओरडावं, आई, आई, पण उचलायचं आणि ऐकायचं. मी तोंडावर हात दाबून ऐकत राहिले.

गिरणीचा भोंगा संध्याकाळपर्यंत वाजत होता. काठावर गाड्यांची रांग लागली होती. पण आर्वो काठाकडे येतच नव्हता, तो पार खाडीच्या दिशेने भरकटला होता. तिथे पलीकडच्या वस्तीत वेंडेल मोझेसने फोन ऐकला आणि कुणी काही सांगायच्या आत तो बर्फावर निघाला. त्याला आर्वो सापडला तो एका उलट्या नावेखाली, टोपी तोंडावर ओढून बसलेला. वेंडेलने वस्तीतूनच आईला फोन केला.

तेव्हा दुसरी लांब घंटी आली. मी उचलला. आई म्हणाली, "मुलगा सापडला. आता फोन ठेवा."

तिच्या आवाजात तेव्हाही काही हललं नाही. पण ती नंतर कितीतरी वर्षं सांगायची, की तिच्या समोरच्या, फोन जोडायच्या फळीवरचे दिवे विझले नाहीत. फोन ठेवला की दिवा विझतो. एकानेही ठेवला नाही. सगळं गाव कानाला फोन लावून नुसतं बसून राहिलं होतं. मला ते पदरचं वाटायचं. आई गोष्ट सांगायला लागली की थोडं मीठमसाला घालायचीच.

आर्वोचं मात्र वेगळं झालं. शाळेत पोरांनी त्याचं नावच ठेवलं, लांब घंटी. वर्गात शिरला की कुणीतरी "ट्रिंऽऽऽग" करायचं. त्याने यावरून किती जणांची नाकं फोडली देव जाणे. त्यामुळे घरात तो विषय बंद झाला तो झालाच. आज त्याचे केस पांढरे झालेत, पण त्याच्यासमोर लांब घंटी म्हणायची हिंमत माझीही होत नाही.

तर नगरपालिकेने ठरवलं, लोकांना विचारू या. बाहेरच्या एका संस्थेला काम दिलं. ते घरोघर फोन करणार आणि विचारणार: लाइन विकावी, ठेवावी, की तुम्हाला काही फरक पडत नाही. मी म्हटलं, आता कळेल आर्वोला. मी फोनची वाट बघत बसले. आठवडाभर मला कुणी काही विचारलं नाही. उलट एक दुसरीच पीडा मागे लागली होती. फोन वाजायचा, मी उचलायची, पलीकडे कुणी बोलायचं नाही, आणि थोड्या वेळाने खट्ट. मेले टवाळखोर.

पुढच्या शनिवारी आर्वो आला तो कागद घेऊनच. सौनाकडे गेलाही नाही.

"घे. वाच," तो म्हणाला.

मी चष्मा लावला. थोड्या लोकांनी ठेवा म्हटलं होतं, त्याहून थोड्यांनी विका. बाकी जवळजवळ सगळं गाव एका शब्दात बसवलं होतं: प्रतिसाद नाही. आणि खाली कुणी तरी सभ्य भाषेत लिहिलं होतं, की नागरिकांना या प्रश्नात विशेष रस दिसत नाही.

मला रडूच आलं. मी लपवलं नाही, कशाला लपवायचं? जन्मभर ज्यांचे फोन जोडले, ज्यांची बारशी, भांडणं, मरणं या कानांनी ऐकली, त्यांना काही फरक पडत नाही. "हे आपलं गाव नव्हे, आर्वो," मी म्हटलं.

"हेच आहे," तो म्हणाला, पण हळू आवाजात. "म्हणून सांगत होतो, जीव जाळू नकोस."

तेवढ्यात फोन वाजला. मी डोळे पुसत उचलला, कानाला लावला आणि गप्प उभी राहिले. पलीकडेही गप्प. मग खट्ट. मी ठेवून दिला.

"कोण?" आर्वोने विचारलं.

"कुणी नाही. रोज येतो हा. बोलत नाही आणि बंद होतो. कुणाची तरी कार्टी असणार."

"माझ्याकडेही येतो," आर्वो म्हणाला. "परवा दोनदा. मी उचलतो, थांबतो, आणि..."

तो बोलता बोलता थांबला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मग त्याने खिशातून फोन काढून त्या संस्थेला लावला. कुणी तरी मुलगी होती, गोड बोलत होती. त्याने विचारलं, तुम्ही लोकांना फोन कसा करता. ती म्हणाली, यंत्र करतं. पलीकडून कुणी हॅलो म्हटलं की यंत्र आमच्यापैकी एकाला जोडून देतं. "आणि कुणी काहीच बोललं नाही तर?" आर्वोने विचारलं. तर यंत्र थोडं थांबतं आणि ठेवून देतं, ती म्हणाली, आणि प्रतिसाद नाही अशी नोंद होते. मग तिलाच राहवलं नाही. "सर, एक विचारू? तुमच्या गावात सगळे इतके गप्प का असतात?"

आर्वोने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. मीही हसले. दोघं म्हातारे पोट धरून हसत होतो आणि कॉफी थंड होत होती. सगळं गाव इमानदारीत फोन उचलून ऐकत बसलं होतं, पुढचा बोलेल म्हणून. ज्यांनी उत्तरं दिली ते बहुतेक बाहेरून आलेले. म्हणजे क्लिफर्डसारखे.

"बघ," मी म्हटलं. "हा कागद टाक शेगडीत."

त्याचं हसू ओसरलं. "कागद चुकला हे कळलं, हेल्वी. लोकांना पडलेली आहे हे कुठे कळलं? गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे."

"नकारही नव्हे."

"नाही. म्हणून तर पंचाईत आहे. येत्या गुरुवारी सभा आहे आणि तिथे मला हात वर करायचाय. मला दाखव माणसं. मग बोल."

सोमवारी सकाळी मी तरातरा नाद्याकडे गेले. नाद्या ह्रिंचुक म्हणजे गावच्या लाइनची मॅनेजर. तिचा आजोबा खांबावर चढायचा, बाप खांबावर चढायचा. ही शिकून आली आणि खुर्चीवर चढली, असं मी तिला चिडवते. लाइन वाचावी म्हणून तिने काय नाही केलं? निम्म्या माणसांत काम चालवलं, कर्जाची मुदत वाढवून घ्यायला चार वेळा टोरांटोला खेटे घातले, स्वतःचा पगार कमी करून घेतला. ती पार सुकली होती. मी तिला फोनचा गोंधळ सांगितला तेव्हा तीही हसली आणि हसता हसता एकदम गप्प झाली.

"हेल्वी, सभेची सूचना द्यावीच लागते. दर वेळी आम्ही ग्रंथालयाच्या फळ्यावर लावतो," ती म्हणाली.

"तिथे कोण वाचतंय?"

"तेच तर. पण वादळाचा इशारा द्यायला आपल्याकडे व्यवस्था आहे. सगळ्या घरांत एकदम फोन वाजवता येतो. मी मुद्दाम ठेवून घेतली होती ती. महापौर हो म्हणाले तर..." ती माझ्याकडे बघत राहिली. "आवाज मात्र तुझा लागेल."

"माझा? घसा गेलाय माझा. ऐकणारे घाबरतील."

"गेला असला तरी ओळखीचा आहे."

महापौर दोन्हीकडच्या लोकांना खूश ठेवायला बघणारा माणूस. त्याने सांगितलं, कुणाची बाजू घ्यायची नाही, नुसती सूचना द्यायची. मी म्हटलं, मला शिकवू नका.

मंगळवारी दुपारी मी जुन्या एक्सचेंजच्या खोलीत गेले. आईची फळी होती तिथे आता प्यायच्या पाण्याचं यंत्र आहे. नाद्याने मला एक साधा फोन हातात दिला आणि समोरच्या पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर गावाचा नकाशा होता, घराघरावर राखाडी ठिपका. फोन उचलला की ठिपका हिरवा होणार, ती म्हणाली. तिने कळ दाबली. गावभर घंटी वाजायला लागली, न थांबता. आम्हाला ती ऐकू येत नव्हती, पण मला ती पोटात ऐकू येत होती.

ठिपके हिरवे होऊ लागले. आधी फिनिश गल्ली, मग नदीकाठ, टेकडी, बंदर. खाडीपलीकडचे तर सगळे एकदम.

"मी हेल्वी. गावच्या लाइनवरून बोलतेय," मी म्हटलं. "कुणी हरवलेलं नाही, घाबरू नका. गुरुवारी संध्याकाळी टाउन हॉलमध्ये आपली लाइन विकायची की ठेवायची ते ठरणार आहे. विका म्हणणाऱ्यांनी या, ठेवा म्हणणाऱ्यांनी या. बोलायचं नसेल तर ऐकायला या. एवढंच." आणि मग ते माझ्या तोंडून आपोआप आलं. "आता फोन ठेवा."

मी पडद्याकडे बघत होते. नाद्या माझा दंड धरून उभी होती.

"हेल्वी," ती म्हणाली, "कुणी ठेवत नाहीये."

सगळा नकाशा हिरवा होता. एक ठिपका विझला, तो कुणी तरी बाहेरून आलेला असणार. बाकीचे तसेच. आणि मला कळलं, की आईने पदरचं काही घातलं नव्हतं. मला रडू आवरेना. आई, तुझ्यावर विश्वास ठेवायला मला इतकी वर्षं लागली. मी नाक पुसलं आणि पुन्हा फोन तोंडाशी धरला. "ठेवा की रे बाबांनो. कामधंदे नाहीत का?" तेव्हा कुठे ते एकेक करून विझले. नकाशावर टाउन हॉलही होता. तिथला एक ठिपका सगळ्यांत शेवटी गेला. तिथे सभासदांची खोली आहे आणि त्यात कोणकोण बसतं ते मला माहीत आहे.

गुरुवारी टाउन हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोक कोट मांडीवर घेऊन खिडक्यांवर बसले होते. मी मागे दाराशी उभी राहिले. समोर सात जण, आर्वो कडेला, मान खाली.

लॉर्न पिकेट पहिला उठला. "माझ्या तळघरात पाणी आहे, नळात नाही," तो म्हणाला. "मला तुमची लाइन आवडते. पण मला आंघोळ करायचीय. विका." त्याला कुणी अडवलं नाही. त्याचंही खरंच होतं.

मग वेंडेलची मुलगी डोरीन मोझेस उठली. तीही आता आजी झालीय. "मोठ्या कंपनीने आमच्या बाजूला येऊ म्हटलं होतं तेव्हा माझी आजी लहान होती," ती म्हणाली. "आम्ही वाट बघतोय. घाई नाही काही." सगळे हसले. हसणं थांबल्यावर ती आर्वोकडे बघत म्हणाली, "तुमची लाइन मात्र आली होती. माझ्या वडिलांना तिचा उपयोग झाला." आणि बसली. आर्वोने मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला दारातून दिसले.

गिरणीतला एक म्हातारा ओरडला, बिल वाढवा थोडं, पण विकू नका. त्यावर गलका झाला. तेव्हा आर्वो पहिल्यांदा बोलला. "वाढवा म्हणणं सोपं असतं. वाढलेलं बिल भरणार कोण? वाढल्या पैशातले काही पाइपांना जातील, नदीकाठ आधी. हेही कबूल असेल त्यांनी हात वर करा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या लोकांना कुणी आधी बोललेलं आवडतं. मग एक हात वर गेला, मग दुसरा, मग मोजायचं कशाला. लॉर्न पिकेट इकडेतिकडे बघत होता. शेवटी त्यानेही खांद्यापर्यंत, अर्धवट, हात उचलला. आर्वो मात्र त्या हातांकडे बघतच राहिला, एकेका चेहऱ्याकडे, आणि त्याच्या तोंडावरून मला काही म्हणता काही कळेना. तो लहानपणापासून असाच, आतलं बाहेर येऊ देत नाही.

महापौर म्हणाले, आता मतदान. मला तिथे उभं राहवेना. गावाने हात वर केले, पण मोजायचे होते ते सातच, आणि त्यातला एक माझ्या भावाचा. तो विका म्हणाला तर मी त्याला शनिवारी पुल्ला कुठल्या तोंडाने वाढू? मी दार ढकललं आणि घरी आले.

घरात दिवा लावला, कोट काढला नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनजवळ खुर्ची ओढून बसले. चौदा वर्षांची असताना बसले होते तशीच. आई म्हणाली होती ना, फोनजवळ थांब.

फोन वाजला. मी उचलला आणि गप्प बसले.

पलीकडेही कुणी बोललं नाही. मला वाटलं, तेच यंत्र पुन्हा, आणि मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात लांबून हॉलमधला गलबला आला, टाळ्या, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, आणि जवळ कुणाचा तरी श्वास.

"हेल्वी," आर्वो म्हणाला. तो एकदा खाकरला आणि त्याने एक्सचेंजच्या आवाजात, अगदी आईसारखं, सांगितलं, "मुलगा सापडला. आता फोन ठेव."

मी ठेवला नाही. त्यानेही नाही.